साडी नेसतात, बांगड्या भरतात

वाचकांचे प्रश्न, इंग्रजीच्या बाईंची उत्तरं

या वेळी पत्रं पुष्कळ आली आणि निम्म्याअधिकांचं गाऱ्हाणं एकच: ‘बाई, इंग्रजी बरं येतं, पण वरच्या दर्जाचे शब्द येत नाहीत.’ तालुक्याच्या शाळेत तेहेतीस वर्षं इंग्रजी शिकवून मी आता वाईला घरी असते. गुडघ्यांमुळे फिरणं गणपती घाटापर्यंतच, त्यामुळे पत्रं वाचायला वेळच वेळ. इंग्रजी शब्द नेहमीप्रमाणे देवनागरीत देते आहे. स्पेलिंग कोशात बघा. तेवढाच कोश उघडला जाईल.

*

‘अवघड शब्दांच्या एका यादीतले रोज वीस शब्द पाठ करतो. सत्तर दिवसांत चौदाशे झाले. परवा सराव मुलाखतीत मात्र “व्हेरी गुड” आणि “व्हेरी बॅड” यापलीकडे तोंडातून काही निघालं नाही. माझी स्मरणशक्ती कमी आहे का?’
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

चौदाशे शब्द पाठ करणाऱ्याची स्मरणशक्ती कमी कशी असेल, बाळा? लग्नाच्या मांडवात दूरचे नातेवाईक भेटतात तसं तुझं झालंय. चेहरा ओळखीचा वाटतो, हसून नमस्कारही होतो, पण यांना काय म्हणून हाक मारायची ते आठवत नाही. यादीतल्या शब्दांशी तुझी ओळख एवढीच. अडल्यानडल्याला आपण हाक मारतो ती शेजारच्या माणसाला, मांडवातल्या मामेसासऱ्याला नाही.

शिवाय समजणारे शब्द आणि वापरातले शब्द यांत अंतर असायचंच. ‘किंकर्तव्यमूढ’ तुला समजतो. शेवटचा कधी बोललास? मग इंग्रजीतच लाज कशाची?

आता थोडा हिशोब. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ब्रिटिश काळात ढाक्याला शिकवत. बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना कुठे अडतं हे पाहून त्यांनी आयुष्यभर शब्दांच्या मोजणीचं काम केलं. १९५३ साली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली गेली. साध्या इंग्रजी मजकुरात दर शंभर शब्दांतले ऐंशीच्या आसपास शब्द त्या दोन हजारांतलेच असतात. पुढे न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अभ्यासाच्या पुस्तकांत सगळीकडे भेटणारी ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कुटुंब) निवडली: अझ्यूम, डिराइव्ह, कॉन्स्टिट्यूट, सिग्निफिकंट असली. अभ्यासाच्या मजकुरातला दहावा हिस्सा या ५७० कुटुंबांचा. म्हणजे पहिले दोन हजार पक्के करून हे ५७० घेतलेस की पाठ्यपुस्तकाचा बहुतेक गड सर. कादंबरी किंवा वर्तमानपत्र न अडखळता वाचायचं तर आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात असं त्याच देशातल्या पॉल नेशन यांचं गणित आहे. ते काम मात्र सत्तर दिवसांचं नाही, वर्षांचं आहे, आणि ते वाचता वाचता होतं.

तुझ्या चौदाशेत या ५७० पैकी किती आहेत ते मोज. मला शंका आहे की फार नसतील, कारण यादीवाल्यांना विचित्र शब्दांचा सोस असतो. त्यातून यादी अकारविल्हे. अबेट, अबेयन्स, अबरेशन, अबॉमिनेट हे एका बाकावर बसवले की चौघेही एकमेकांच्या खोड्या काढतात. जुळ्या मुलांना मी वर्गात कधी शेजारी बसवलं नाही.

काय करायचं ते सांगते. तू वाचत असलेल्या मजकुरात एखादा शब्द तीनदा भेटला तरच त्याला वहीत घे. डाव्या पानावर तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य, उजव्या पानावर तुझं स्वतःचं वाक्य, तुझ्या खोलीतलं, तुझ्या मेसमधलं. ‘रिलक्टंट’ म्हणजे ‘नाखूश’ एवढं लिहून ठेवलंस तर तो शब्द वहीतच झोपेल. ‘आमचा मेसवाला दुसरी पोळी वाढायला रिलक्टंट असतो’ असं इंग्रजीत लिहिलंस की रोज रात्री जेवताना तो आठवणारच.

आणि बुटांचा एक रिकामा खोका घे. पुठ्ठे लावून त्याचे पाच कप्पे कर. ही युक्ती माझी नव्हे, सेबास्टियन लाइटनर या जर्मन गृहस्थांनी १९७२ साली सांगितलेली. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला वाक्य. पहिला कप्पा रोज बघायचा, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, असं अंतर वाढवत न्यायचं. आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, विसरलास की पुन्हा पहिलीत नापास. आपण कसे विसरतो हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं: पाठ केलेलं सुरुवातीला भराभर गळतं, मग गळती मंदावते. गळायला लागल्यावर पुन्हा भरायचं. तू मात्र एकदा भरलेल्या हंड्याकडे सत्तर दिवस पाठ फिरवून नवनवे हंडे भरत बसलास.

आणखी एक. केंद्रीय लोकसेवेच्या मुख्य परीक्षेत सक्तीचा इंग्रजीचा पेपर ३०० गुणांचा असतो, त्यात पंचवीस टक्के मिळाले की झालं, ते गुण गुणवत्ता यादीत धरतही नाहीत. तिथे कुणी ‘अबॉमिनेट’ मागत नाही. निबंध, सारांश आणि उताऱ्यावरचे प्रश्न नीट लिही.

*

‘बँकेत अधिकारी आहे. ईमेलमध्ये मी “वुई हॅव गेन्ड हेवी लॉसेस” आणि “डन अ मिस्टेक” लिहिलं, तर दिल्लीहून आलेल्या साहेबांनी सगळ्यांदेखत लाल केलं. शब्दांचे अर्थ तर बरोबर होते ना, बाई? मग चूक काय?’
– नांदेड

अर्थ बरोबर होते, संगत चुकली. सगळ्यांदेखत लाल करणं ही मात्र साहेबांची चूक, ती वेगळी.

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते प्रगत शब्दसंपत्ती म्हणतात ती इथेच असते. नवे शब्द कमीच लागतात. ओळखीचे शब्द कुणाबरोबर उठतात-बसतात हे कळायला हवं.

मराठीत बघा. अंगावर वस्तू धारण करायची एवढीच क्रिया. पण साडी नेसतात, सदरा घालतात, बांगड्या भरतात, गजरा माळतात, कुंकू लावतात, फेटा बांधतात, शाल पांघरतात. चष्मा लावतात आणि घालतातही. एखादा पाहुणा ‘वहिनींनी छान साडी बांधली आणि बांगड्या नेसल्या’ म्हणाला तर आपल्याला कळेल का? कळेल. हसू येईल का? तेही येईल. आता तुम्हाला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. आईला गजरा ‘माळताना’ पाहिलंत आणि ऐकलंत. इंग्रज या सगळ्याला एकच ‘वेअर’ वापरतो. साडी वेअर, बांगड्या वेअर, अत्तर वेअर, दाढी वेअर, चेहऱ्यावरचं हसूसुद्धा वेअर. तिथे तो सुखी आहे. पण दुसरीकडे तो आपल्यासारखाच खट्याळ: पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’, चहा ‘स्ट्राँग’, इंजिन मात्र ‘पॉवरफुल’. ‘पॉवरफुल टी’ म्हणालात की संपलं. आपला पाऊस मुसळधार, वारा सोसाट्याचा, थंडी कडाक्याची, तब्येत ठणठणीत. सोसाट्याची तब्येत कुणाची असते का?

जे. आर. फर्थ म्हणून एक इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते. तरुणपणी ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, असं त्यांनी १९५७ साली लिहिलं आणि तेव्हापासून भाषा शिकवणारे त्या वाक्याचा जप करतात. आपल्या आज्या हेच मुलांच्या बाबतीत सांगत.

आता तुमची वाक्यं. तोटा ‘गेन’ होत नाही, कारण ‘गेन’ला चांगल्या गोष्टींची सवय. तोटा ‘इनकर’ होतो किंवा ‘सफर’ केला जातो. या ‘इनकर’वर माझं फार प्रेम आहे. तोटा, खर्च, कर्ज, दंड, रोष असल्या नकोशा गोष्टीच त्याच्या पुढे येतात. कोश त्याचा अर्थ देतो, पण मराठीत त्याचा सख्खा भाऊ कोण ते सांगू? ‘ओढवून घेणे’. संकट ओढवतं, रोष ओढवून घेतात. ‘त्याने आनंद ओढवून घेतला’ असं कुणी म्हणत नाही. साधा ‘कॉज’सुद्धा तसाच. तो नुकसान, त्रास, अपघात, गोंधळ यांच्या घोळक्यात सापडतो. ‘युवर लेटर कॉज्ड मी हॅपिनेस’ हे व्याकरणात बसतं, कानात बसत नाही.

आणि मिस्टेक ‘मेक’ करतात. ‘कमिट’ गुन्ह्याला राखून ठेवा. बँकेत दोन्हींचा अनुभव येतो म्हणतात.

तुमच्यासाठी गृहपाठ: तुमच्या मुख्य कार्यालयाकडून येणारी परिपत्रकं वाचताना फक्त जोड्या टिपा. रिस्क ‘मिटिगेट’ करतात, डेडलाइन ‘मीट’ करतात, नियम ‘कम्प्लाय विथ’ होतो, थकबाकी ‘रिकव्हर’ करतात. पुढे ‘मिटिगेट अगेन्स्ट’ कुठे दिसलं तर ते ‘मिलिटेट अगेन्स्ट’च्या, म्हणजे ‘आड येणे’च्या, जागी चुकून आलेलं आहे एवढं लक्षात ठेवा, आणि साहेबांच्या ईमेलमध्ये दिसलं तर मला जरूर कळवा.

*

‘भाचीच्या स्थळासाठी अमेरिकेत बायोडाटा पाठवला. त्यात “होमली गर्ल” लिहिलं होतं. तिकडच्या मुलाने हसून विचारलं, तुम्ही हे कौतुकाने लिहिलंय ना? काय चुकलं?’
– जळगाव

ब्रिटनमध्ये ‘होमली’ म्हणजे घरगुती, साधं, उबदार. अमेरिकेत ‘होमली’ माणूस म्हणजे दिसायला यथातथा. तुम्ही भाचीला तिच्याच मामाच्या सहीने कुरूप ठरवलंत! मुलगा हसला आणि विचारलं, म्हणजे मुलगा चांगला आहे. पुढची बोलणी करा.

*

‘बाई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त संस्कृत शिक्षक. रघुवंश मुखोद्गत आहे, पण नातीला इंग्रजी शब्द शिकवायला बसलो की तीच मला शिकवते. या वयात संस्कृताचा काही उपयोग होईल काय?’
– नाशिक

गुरुजी, नमस्कार. तुमच्याकडे किल्ल्यांचा जुडगा आहे आणि तुम्ही कुलपासमोर बसून आहात.

‘व्होकॅब्युलरी’ या शब्दापासूनच सुरुवात करू. लॅटिनमध्ये ‘व्होक्स’ म्हणजे आवाज, ‘व्होकारे’ म्हणजे हाक मारणे. आणि आपली ‘वाच्’? तीच ही, सख्खी बहीण. आता नातीला सांगा: ‘इन्व्होक’ म्हणजे आवाहन करणे, ‘रिव्होक’ म्हणजे दिलेला शब्द परत घेणे, ‘प्रोव्होक’ म्हणजे डिवचून पुढे बोलावणे, ‘अ‍ॅडव्होकेट’ म्हणजे आपल्या बाजूने बोलायला बोलावलेला, ‘इक्विव्होकल’ म्हणजे दोन्ही बाजूंनी सारखाच आवाज काढणारे, दुटप्पी. पाच शब्द, एक धातू. धातूवरून शब्द साधणं हे तुम्ही आयुष्यभर केलंय, पाणिनीच्या देखरेखीखाली.

१७८६ साली कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे विल्यम जोन्स या न्यायाधीशांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं साम्य योगायोगाचं असूच शकत नाही, त्या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात. इंग्रजी मुळात जर्मन कुळातली, पण १०६६ मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकून बसला आणि फ्रेंच-लॅटिन शब्दांचा लोंढा आत आला. म्हणून इंग्रजीतले घरातले शब्द एका कुळाचे आणि कचेरीतले, विद्वत्तेचे शब्द बहुतेक लॅटिन घराण्याचे. ज्याला लोक ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ म्हणतात ते बव्हंशी हेच दुसरे. आणि त्यांच्याशी तुमचं चुलत नातं आहे.

माझ्या आवडीच्या काही जोड्या देते. ‘प्रॉजेनी’ म्हणजे संतती. त्यातला ‘प्रो’ म्हणजे आपला ‘प्र’, ‘जेन’ म्हणजे ‘जन्’. झाली की नाही ‘प्रजा’? ‘इम्मॉर्टल’मधला ‘मॉर्ट’ म्हणजे ‘मृत’. आणि ग्रीक देवांचं खाणं ‘अँब्रोजिया’ हे तर ‘अमृता’चंच भावंड, अक्षर अन् अक्षर उलगडून दाखवता येतं. ‘सब्ज्युगेट’ म्हणजे पराभूत करून दास करणे. यातला ‘जुग’ म्हणजे ‘युग’, बैलांच्या मानेवरचं जू. ‘सब’ म्हणजे खाली. शत्रूला जुवाखाली घालणे! शेतकऱ्याच्या पोराला हा शब्द एकदा असा सांगितला की तो जन्मात विसरत नाही, हे मी तेहेतीस वर्षं पाहिलंय. नवरा-बायकोचं नातं ‘कॉन्ज्युगल’, तिथेही तेच जू, फक्त दोघांच्या मानेवर मिळून.

‘पेड’ म्हणजे ‘पद’. ‘इम्पीड’ म्हणजे पायात खोडा घालणे, अडथळा आणणे. ‘एक्स्पेडाइट’ म्हणजे खोड्यातून पाय मोकळा करणे, काम लवकर पुढे नेणे. सरकारी पत्रातलं ‘काइंडली एक्स्पेडाइट’ वाचलं की मला खोड्यातला पाय दिसतो. ‘डेक्स्टर’ हा लॅटिनमध्ये उजवा. तोच आपला ‘दक्षिण’. पूर्वेला तोंड करून संध्येला बसलेल्याचा उजवा हात दक्षिणेला येतो. ‘अँबिडेक्स्ट्रस’ म्हणजे ज्याचे दोन्ही हात उजवे. नातीला म्हणा, आपल्याकडे याला सव्यसाची म्हणतात आणि तो अर्जुन होता. मात्र गंमत अशी की अर्जुनाच्या शब्दात कौतुक डाव्या हाताचं आहे, त्यांच्या शब्दात डाव्याला उजवा म्हटल्याशिवाय मान नाही.

‘इग्नाइट’मध्ये अग्नी आहे, ‘ट्रायडंट’मध्ये त्रि आणि दंत आहेत, ‘विडो’मध्ये विधवा आहे. सोडवत बसा.

एक सावधगिरी, गुरुजी. कानाला सारखं लागलं म्हणजे नातं नव्हे. ‘सेंट’ आणि ‘संत’ अगदी जुळे वाटतात, पण एक लॅटिन ‘सँक्टस’पासून, दुसरा आपल्या ‘सत्’पासून, काही संबंध नाही. ‘डे’ आणि ‘दिवस’ यांचंही तसंच. आपल्याकडे या भरात सगळं इंग्रजी संस्कृतातून निघालं असं सांगणारे भेटतात. बहिणीला आई ठरवू नये.

*

‘मुलगा मराठी माध्यमात नववीला. इंग्रजी सुधारावं म्हणून घरात मराठी बंद करून सगळ्यांनी इंग्रजीच बोलायचं असं ह्यांनी ठरवलंय. आठ दिवसांत घर मुकं झालंय. काय करू?’
– कोल्हापूर

मराठी सुरू करा. आजच, पत्र वाचून झाल्यावर.

येत नसलेल्या भाषेत घर चालवलं की माणसं ‘येस’, ‘नो’ आणि ‘सॉल्ट प्लीज’वर येतात. मुलाच्या शब्दसंपत्तीत भर पडते ती विचारांत भर पडली तर, आणि विचार भांडणात, गप्पांत, आजीच्या गोष्टीत तयार होतो. त्याला ‘आडमुठा’, ‘हेकट’, ‘हट्टी’ आणि ‘ठाम’ यांतला फरक मराठीत कळत असेल तर ‘ऑब्स्टिनेट’, ‘स्टबर्न’ आणि ‘फर्म’ यांतला कळायला अर्धा तास पुरे. मुळात तो फरकच माहीत नसेल तर कोश काय करणार?

रोज वीस मिनिटं त्याच्या आवडीचं इंग्रजी त्याने वाचायचं, तुम्ही ऐकायचं. प्राण्यांचं, क्रिकेटचं, काहीही. इंग्रजी ‘मंगूस’ हा शब्द आपल्या मुंगसावरून गेलाय हे त्याला सांगा, वर्गात जाऊन भाव खाईल. ह्यांना माझा नमस्कार सांगा. मराठीत.

*

‘टोरांटोजवळ एका पाळणाघरात काम करते. मराठी माध्यमातून एम.ए. केलं, “टॉलरेट”, “पोस्टपोन”, “डिसअपॉइंट” सगळं येतं. पण इथल्या बायका “पुट अप विथ”, “पुट ऑफ”, “लेट डाउन”, “फॉल थ्रू” असलं बोलतात आणि मी बघत राहते. एवढे सोपे शब्द मला कसे कळत नाहीत?’
– कॅनडा

अगं, ते सोपे नाहीतच. आपल्याला लांब शब्द अवघड आणि छोटे सोपे असं शाळेत आम्हीच शिकवलं, दोष आमचा. लांब शब्दाला कोशात एक-दोन अर्थ असतात. ‘पुट’ आणि ‘गेट’ उघडून बघ, पानंच्या पानं.

तुझ्या तिथल्या मैत्रिणीला मराठी शिकवायला बसलीस असं समज. ‘बोलणे’ तिला आलं. आता तो ‘बोलून गेला’, म्हणजे नकळत तोंडातून निसटलं. ‘बोलून बसला’, म्हणजे आता पस्तावतोय. ‘बोलून टाकलं’, म्हणजे ओझं उतरलं. ‘बोलून दाखवलं’, म्हणजे समोरच्याला लागेल असं. जाणे, बसणे, टाकणे, दाखवणे ही चारही क्रियापदं तिला येतात, आणि तरी तिला घाम फुटेल. ‘बसला’ म्हटल्यावर ती खुर्ची शोधेल. तुझं आत्ता तेच चाललंय.

आणखी एक बारीक गोष्ट. ‘टॉलरेट’ चुकीचा नाही, पण पाळणाघरात तो जरा कडक इस्त्रीचा वाटतो. वर गुरुजींना लिहिलं ते वाच: लॅटिन शब्द कचेरीचे, छोटे शब्द घरचे. ‘कमेन्स’ आणि ‘बिगिन’ यांचा अर्थ एकच. पण तहान लागल्यावर ‘मला जल द्या’ म्हणणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, तशी नजर तुझ्या ‘कमेन्स’ला मिळत असेल.

‘पुट’वाल्यांची यादी करून पाठ करू नकोस, पुन्हा जुळ्यांचा गोंधळ होईल. दिवसाला एकच पकड, तोही जो त्या दिवशी कानावर आला, आणि प्रसंगासकट लिही. ‘सहल फॉल थ्रू झाली, कारण बर्फ पडला’, म्हणजे बेत फिसकटला. समोर ‘फिसकटला’ असं मराठीतच लिही. ‘रद्द झाला’ लिहू नकोस, त्यात तो फुसका आवाज येत नाही. मुलांशी बोलताना बेधडक वापर. तीन वर्षांची मुलं शिक्षक म्हणून उत्तम. चूक लगेच सुधारतात आणि लगेच विसरतात.

*

‘शब्दाचा अर्थ येतो, पण चारचौघांत उच्चार चुकेल या भीतीने बोलतच नाही. तुमचं कधी असं झालंय का?’
– शिक्षिका, बार्शी

जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मी परीक्षक होते. समारोपाला मी माइकवर, भरल्या सभागृहात, एका मुलीला म्हणाले, ‘शी इज द एपिटोम ऑफ कॉन्फिडन्स.’ टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दुसऱ्या परीक्षकांनी घडी घातलेली चिठ्ठी हातात दिली. आत एकच शब्द: ‘एपिटमी’. मी तो शब्द तोवर अकरा वर्षं शिकवत होते. किती पोरांच्या तोंडी तो ‘एपिटोम’ बसवला असेल, हिशोब नाही. त्या गृहस्थांचे मात्र उपकार, चिठ्ठी दिली, माइक घेतला नाही. इंग्रजीतला ‘चिट’ हा शब्द आपल्या चिठ्ठीवरूनच गेलाय, हे मला त्या दिवशी आठवलं असतं तर निदान हसता आलं असतं.

वाचून शिकलेल्यांचे उच्चार असे चुकणारच. ‘हायपरबोल’ नव्हे, हायपर्बली. ‘ऑरी’ नव्हे, अराय. ‘सटल’मधला बी मुका, ‘रिसीट’मधला पी मुका, ‘डेब्री’चा एस मुका. आता फोनवरच्या कोशात कर्ण्याचं चित्र असतं, ते दाबून ऐका आणि तीनदा मोठ्याने म्हणा. मनात म्हणून उपयोग नाही, जिभेला सवय व्हायला हवी. आणि चुकलात तर चुकलात. मी अजून जिवंत आहे.

*

‘परदेशी उच्चशिक्षणासाठीची जीआरई परीक्षा देणार आहे. मोठ्या भावाच्या वेळची साडेतीन हजार शब्दांची विरुद्धार्थी यादी मिळाली आहे. करू का?’
– पुणे

भावाने ती परीक्षा २०११च्या ऑगस्टच्या आधी दिली असेल. तेव्हापासून विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या लावण्याचे प्रश्न काढून टाकलेत. आता वाक्यातली रिकामी जागा संदर्भावरून भरायची असते. यादी रद्दीत घाल आणि नांदेडच्या बँक अधिकाऱ्यांना दिलेलं उत्तर वाच.

*

‘इंग्रजी-मराठी कोश वापरावा की इंग्रजी-इंग्रजी?’
– अनेक वाचक

पहिल्यांदा अडलात तर खुशाल मराठी अर्थ बघा, कुणाला पाप लागत नाही. पण तिथे थांबू नका. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच केलेले इंग्रजी-इंग्रजी कोश असतात, ते इंग्लंडच्या लोकांसाठी केलेल्या जाड कोशांहून वेगळे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत असताना जपानी विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी व सहकाऱ्यांनी असा कोश केला. तो १९४२ साली, ऐन महायुद्धात, टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. आजचा ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स तो हाच. लाँगमनचा कोश प्रत्येक अर्थ सुमारे दोन हजार साध्या शब्दांत सांगतो. कॉबिल्ड १९८७चा, तो अर्थ पूर्ण वाक्यात देतो, म्हणजे शब्द आणि संगत एकदमच हाती लागते. तिघांतला कुठलाही एक घ्या, जुन्या बाजारातला चालेल. माझ्या कोशाची पाठ दोनदा शिवून घेतली आहे.

*

‘मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की रोमन शिपायांना पगार मिठाच्या रूपात मिळे, म्हणून “सॅलरी”. आमची तीन पिढ्यांची मिठागरं. मीठ गोण्यांनी पगारात दिलं तर गडी दुसऱ्या दिवशी येणार नाही. याला पुरावा काय?’
– उरण

पुरावा नाही. तुमचं पत्र आल्यावर मी शोधलं. ‘सॅलरी’ लॅटिन ‘सॅलेरियम’वरून आला आणि त्याच्या पोटात ‘साल’ म्हणजे मीठ आहे, इथपर्यंत खरं. पण शिपायांना मीठच मोजून देत, असं सांगणारा जुना रोमन लेख नाही. गोष्ट इतकी गोड आहे की सगळे एकमेकांचं वाचून लिहितात. मीही लिहिलं. वर्गातही सांगत आले, फळ्यावर गोणीचं चित्र काढून.

चूक कबूल. वहीतल्या त्या पानावर लाल शाईने फुली मारली आहे. ‘वर्थ वन्स सॉल्ट’ या इंग्रजी म्हणीशेजारी ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ लिहिलं होतं, तेवढं तसंच ठेवलंय. पत्राबरोबर पाठवलेलं जाडं मीठ पोचलं. कैऱ्या उतरल्या की लोणच्याला काढीन.